मूल कोणाच्या भरवशावर?

गेल्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे एका आजारी वृद्धेला पवित्र कम्युनियन देऊन मी परतत होतो. कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेते पांढरी झाली होती आणि कमरेला ओटी बांधलेल्या बाया वाकून कापूस वेचीत होत्या. एका शेताच्या धुऱ्यावर बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली दिसली. सहा-सात वर्षांची एक मुलगी ती झोळी हलवीत बसली होती. झोळीत तिचा दीड वर्षाचा भाऊ होता. मी थांबलो आणि सहज विचारले, "बाळ, आज शाळेत का नाही गेलीस?" तिने माझ्याकडे नवलाने पाहिले आणि म्हणाली, "मंग याले कोन पाह्यल?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. एखादी सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसे ती बोलली होती. माझ्यापाशी मात्र उत्तर नव्हते. त्यानंतर अनेकदा मिस्साबलिदानाच्या तयारीला बसलो असता तो प्रश्न मनात येत राहिला. याला कोण पाहील? आई शेतात, बाप कामाच्या शोधात, आजी गावाकडे किंवा देवाघरी. मग सहा वर्षांच्या आतील मूल नेमके कोणाच्या भरवशावर असते? आणि कोणाच्या भरवशावर असावे? पहिला प्रश्न परिस्थितीचा आहे, दुसरा नीतीचा. या लेखात दुसऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे योजिले आहे.

या प्रश्नाला आपल्या समाजात दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की ज्याचे मूल त्याने पाहावे. ज्यांना सांभाळता येत नाही त्यांनी जन्म कशाला द्यावा? दुसरे उत्तर असे की सरकारने अंगणवाड्या काढल्या आहेत, तेव्हा सरकार पाहील. दोन्ही उत्तरांमध्ये एक गोष्ट समान आहे. दोहोंपैकी कोणतेही दिले तरी उत्तर देणारा स्वतः मोकळा होतो.

श्रद्धावंताने अशा वेळी शुभवर्तमानाकडे वळावे. संत लूकने येशूच्या बालपणातील एक प्रसंग सांगितला आहे. बारा वर्षांचा येशू आईवडिलांसमवेत वल्हांडण सणासाठी यरुशलेमला गेला. सण आटोपून परतताना तो मागेच राहिला. मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, तोवर त्यांना याचा पत्ताही नव्हता. कारण तो सोबतच्या तांड्यात असेल अशी त्यांची समजूत होती. मग त्यांनी नातलगांत व ओळखीच्यांत शोध घेतला, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. हा उतारा आपण दरवर्षी ऐकतो आणि आपले लक्ष साहजिकच मंदिरातील संवादाकडे जाते. पण त्या एक दिवसाच्या वाटेकडे जरा पाहावे. पवित्र मरियेसारखी माता आणि संत योसेफासारखा पालक दिवसभर मूल नजरेआड असताना निश्चिंत चालत होते. याला निष्काळजीपणा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ते निश्चिंत होते, कारण तांडा विश्वासाचा होता. काकाच्या बैलगाडीशेजारी, मावशीच्या शिदोरीपाशी, शेजाऱ्यांच्या मुलांत आपले मूल सुरक्षित असते हा त्यांचा रोजचा अनुभव असला पाहिजे. बारा वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाचे तान्हे यांत अंतर आहे हे खरे. पण असा विश्वास मुलाच्या बाराव्या वर्षी एकाएकी उत्पन्न होत नाही. तो तान्हेपणापासून रुजलेला असतो. नाझरेथचे पवित्र कुटुंब आपण चौकटीत तिघांचेच रंगवितो. लूकच्या शुभवर्तमानात मात्र त्या तिघांभोवती एक संपूर्ण तांडा चालताना दिसतो.

'तांडा' हा शब्द आमच्या यवतमाळ जिल्ह्यात नित्याच्या वापरातला आहे. पुसद, महागाव, उमरखेड या भागांत बंजारा बांधवांचे शेकडो तांडे आहेत. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणारे हे लोक मुलांसह चालत, आणि मूल साऱ्या तांड्याचे असे. आज तांडा एका जागी वसला आहे, पण माणसे विखुरली आहेत. दिवाळी झाली की कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुले आईबापांबरोबर उसाच्या फडात जातात, काही म्हाताऱ्या आजीपाशी मागे राहतात. जी कुटुंबे गावी राहतात त्यांच्या बाया वेचणीला जातात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तान्ह्याला पाजायला जेवढा वेळ थांबावे तेवढा कापूस कमी भरतो. आईच्या मायेचा हिशेब तागडीत होतो, आणि तो चुकविण्यासाठी झोळीची दोरी थोरल्या मुलीच्या हाती दिली जाते. अशा रीतीने एका मुलाचे बालपण दुसऱ्या मुलाच्या बालपणाने फेडले जाते.

हा प्रश्न शेतमजुरांचाच आहे असे वसई-मुंबईकडील वाचकांनी समजू नये. सकाळची गाडी गाठण्यासाठी झोपेतले मूल शेजारणीच्या किंवा पाळणाघराच्या हवाली करणारे तरुण जोडपे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहे. पैसे मोजता येतात म्हणून त्यांच्यापुढील प्रश्नाची धार थोडी बोथट होते, इतकेच. येथे काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "फादर, आईने घरीच राहावे हे उत्तम नव्हे काय?" ज्या घरात ते शक्य आहे आणि आईची तशी इच्छा आहे, तेथे ते उत्तमच. परंतु ज्या घरात आईची मजुरी हीच संध्याकाळची भाकर आहे, तेथे हा उपदेश करणाऱ्याने ती भाकर कोण देणार हेही सांगितले पाहिजे. तसे न सांगता केलेला उपदेश म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे ठेवून त्याला आपले बोटही न लावणे होय. आणि प्रभू येशूने अशा उपदेशकांविषयी काय म्हटले आहे ते आपण जाणतो.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संतुलित आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत असे तो आग्रहाने सांगतो; आणि लगेचच, हे कर्तव्य पार पाडण्यासाठी कुटुंबाला संपूर्ण समाजाच्या साहाय्याची गरज असते, असेही सांगतो. या दोन विधानांपैकी पहिले आपल्या प्रवचनांत वारंवार येते, दुसरे क्वचित. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात साहाय्यतेचे तत्त्व मांडले. लहान घटकाला जे करता येते ते मोठ्या घटकाने हिरावून घेऊ नये. परंतु लहान घटकाची शक्ती अपुरी पडेल तेथे मोठ्याने हात द्यावा, असे ते तत्त्व आहे. या दृष्टीने पाहता चांगली बालवाडी आईची जागा घेत नाही. ती आईला आई राहण्यास बळ देते. दिवसभर काळजीने पोखरलेली आई आणि आपले मूल सुरक्षित आहे हे जाणणारी आई, यांपैकी कोणती संध्याकाळी मुलाला अधिक प्रेमाने जवळ घेऊ शकेल?

आपण आणखी एका गोष्टीने बांधलेले आहोत. स्नानसंस्काराच्या वेळी आईवडिलांना व धर्ममाता-धर्मपित्यांना प्रश्न विचारले जातात, आणि जमलेला भक्तसमुदायही आपल्या श्रद्धेची ग्वाही देऊन त्या बालकाचे स्वागत करतो. मग केक कापला जातो, छायाचित्रे काढली जातात आणि आपण घरी जातो. त्यानंतर तेच मूल सहा-सात वर्षांचे होऊन प्रथम कम्युनियनच्या वर्गात येईपर्यंत धर्मग्रामाच्या नोंदवहीत त्याचा उल्लेखही नसतो. ज्या वर्षांत त्याची भाषा, विश्वास, भीती आणि प्रेम ही सारी घडत असतात, नेमकी तीच वर्षे आपण कोरी सोडतो.

समाजाने लहान मुलांकडे कसे पाहिले याचा इतिहास उद्बोधक आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे प्रभुप्रकटीकरणाच्या सणादिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. त्यामागील तात्कालिक कारण मोठे विलक्षण होते. आईबाप कामावर गेले की चाळीतील लहान मुले जिने आणि भिंती खराब करीत. इमारतीच्या व्यवस्थापकांना त्या भिंती वाचवावयाच्या होत्या, म्हणून मुलांना एका खोलीत गुंतवून ठेवण्याची योजना निघाली. त्या खोलीत माँटेसरीबाईंनी मुलांकडे पाहिले, आणि अवघ्या जगाची बालशिक्षणाची दृष्टी बदलली.

ही गोष्ट वाचतो तेव्हा मला माझी स्वतःची एक भिंत आठवते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. वेचणीच्या आधी दोन बाया माझ्याकडे आल्या. तीन महिन्यांपुरता सभागृहाचा व्हरांडा मिळावा, आमच्यातलीच एक जण मुलांना सांभाळील आणि तिची मजुरी आम्ही वर्गणीने देऊ, एवढीच त्यांची मागणी होती. सभागृहाला नुकताच रंग दिला होता, नाताळ जवळ आला होता. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत, आणि मीही त्यांच्या दारी गेलो नाही. त्या वर्षी नाताळात गोठ्याचा देखावा मोठा सुरेख झाला होता. गव्हाणीतल्या बाळासाठी आम्ही सभागृहात जागा केली होती, झोळीतल्या बाळांसाठी मात्र आम्हाला जागा सापडली नाही. या चुकीचे पापनिवेदन मी केले आहे. परंतु काही चुकांची भरपाई पापनिवेदनगृहाच्या बाहेर करावी लागते.

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या दोन स्त्रियांचे स्मरण येथे अगत्याचे आहे. ताराबाई मोडक या राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करण्यास गेल्या. त्या दोघांच्या पुढाकाराने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि तरीही शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतील मुले येईनात. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, असे ताराबाईंनी ठरविले, आणि 'अंगणवाडी' जन्माला आली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली, तिला कुरणशाळा म्हणत. परदेशी महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, माती यांवर मुले मोजायला व ओळखायला शिकली. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र असली म्हणजे धाकट्याला सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणीलाही शिकता येते, हे कोसबाडने दाखवून दिले. फुलसावंगीच्या धुऱ्यावरील त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी दिले गेले होते. आपण ते दूरवर पोचविले नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. त्यांत आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचे धारणी होते आणि मुंबईची धारावीही होती. आज अंगणवाड्यांची संख्या देशभरात तेरा लाखांहून अधिक आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण यांची एवढी मोठी व्यवस्था जगात क्वचितच असेल. रोजगार हमीचा इतिहासही आमच्या भागाशी जोडलेला आहे. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ च्या दुष्काळात या योजनेला बळ मिळाले. पुढे देशासाठी २००५ साली झालेल्या रोजगार हमी कायद्यात एक समंजस तरतूद होती. कामावरील स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यातील एकीला मुलांच्या देखरेखीचे काम द्यावे आणि तिला पूर्ण मजुरी मिळावी, असे त्यात म्हटले होते. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याला मोल आहे, हे त्यामुळे कायद्याने मान्य केले.

असे असूनही सहा वर्षांखालील मूल आपल्या व्यवस्थेच्या उंबरठ्यावरच उभे आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ या वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र राज्याने प्रयत्न करावा, एवढेच मार्गदर्शक तत्त्व ठेवले. हक्क न्यायालयात मागता येतो, प्रयत्नाची केवळ वाट पाहता येते. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षापूर्वीच होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नमूद केले आहे. म्हणजे ज्या वयात सर्वांत अधिक घडते, त्याच वयाला आपण सर्वांत कमी बांधील आहोत.

येथे 'गुणवत्ता' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. गुणवत्ता म्हणजे टाइल बसविलेली खोली आणि भिंतीवरचे कार्टून नव्हे. तीन वर्षांच्या मुलाकडून इंग्रजी मुळाक्षरे गिरवून घेणे तर मुळीच नव्हे. ज्याला आपण केजी म्हणतो ती कित्येकदा पहिलीच्या शाळेची केविलवाणी रंगीत तालीम असते. लहान मुलाला हवे असते एक स्थिर माणूस. रोज तेच, रोज भेटणारे, त्याचे बोलणे ऐकून घेणारे, पडले तर उचलणारे आणि विनाकारण न उचलणारे. त्याला खेळ हवा, गाणी हवीत, गोष्टी हव्यात, पोटभर ताजे अन्न आणि स्वच्छ पाणी हवे, आणि आपली भाषा हवी. तांड्यातील मूल घरी गोरमाटी बोलते. अंगणवाडीतली मराठीसुद्धा त्याला पहिल्या दिवशी परकी असते. त्याच्या बोलीत दोन शब्द बोलणारी सेविका त्याच्यासाठी अवघ्या शाळेहून मोठी होय.

यावरून दिसेल की सारी गुणवत्ता शेवटी एका स्त्रीपाशी येऊन थांबते. तिला आपण काय देतो? तिच्या मोबदल्याला आजही वेतन न म्हणता मानधन म्हणतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क असल्याचा निर्णय दिला; डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना आपल्या मागण्यांसाठी संपावर जावे लागले. आणि आपल्याकडे बोट दाखवायचे तर, आपल्या संस्थांतील बालवाडीच्या बाईंचा पगार आणि मान यांची हायस्कूलच्या शिक्षकाशी तुलना करून पाहावी. जिच्या हाती आपण सर्वांत कोवळे जीव देतो, तिलाच सर्वांत खालच्या पायरीवर बसवितो.

बालशिक्षणाच्या बाजूने आजकाल एक हिशेबी युक्तिवाद केला जातो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी येथे १९६२ पासून गरीब कुटुंबांतील १२३ मुलांचा अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी काहींना दररोज चांगल्या बालवाडीचा लाभ मिळाला, आणि शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईशी बोलत असे. उरलेल्यांना हे मिळाले नाही. चाळिसाव्या वर्षांपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बुद्धिमापनातील आघाडी काही वर्षांत ओसरली. पण बालवाडीत गेलेल्यांपैकी अधिक जण शालेय शिक्षण पूर्ण करून कामाला लागले आणि कमी जण गुन्ह्यांत सापडले. यावरून अर्थशास्त्रज्ञ सांगतात की बालशिक्षण ही उत्तम गुंतवणूक आहे. हा युक्तिवाद खरा आहे आणि सरकारदरबारी तो अवश्य करावा. ख्रिस्ती माणसाने मात्र त्यावर विसंबू नये. ज्या मुलापासून समाजाला कधीच परतफेड मिळणार नाही, जे मतिमंद आहे, जे दुर्धर आजाराने पाचव्या वर्षीच जाणार आहे, त्याचे काय? प्रभू येशूने एका बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे केले आणि त्याला कवेत घेतले. ते मूल पुढे कोण झाले, हे शुभवर्तमान सांगत नाही. त्याचे स्वागत करण्यासाठी ते मूल होते एवढेच कारण पुरेसे होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की लहान मुलांच्या संगोपनाला व शिक्षणाला समाजाने आधार देणे हे दानधर्मात मोडत नाही. ते एक ऋण आहे. ज्या आईच्या वेचणीतून आपल्या अंगावरचा कपडा आला, तिचे मूल आपण तिच्याकडून दिवसभरासाठी काढून घेतलेच आहे. प्रश्न फक्त त्याला झोळीत सोडायचे की जबाबदार हातांत ठेवायचे, एवढाच उरतो.

प्रत्येक धर्मग्रामाला नवी संस्था काढण्याची गरज नाही. गावची अंगणवाडी आपली समजावी. तिचे छत गळते का, पाणी आहे का, आहार वेळेवर येतो का, हे धर्मग्राम परिषदेने जाऊन पाहावे. आपल्या सेविका-भगिनींना, त्या कोणत्याही धर्माच्या असोत, वर्षातून एकदा तरी मानाने बोलवावे. निवृत्त शिक्षिकांनी आणि आजी-आजोबांनी आठवड्यातून एक सकाळ गोष्टी सांगण्यासाठी द्यावी. आणि जेथे वेचणीच्या किंवा कामाच्या दिवसांत मुलांना जागा नाही, तेथे आठवड्याचे सहा दिवस कुलूपबंद असणारी आपली सभागृहे उघडावीत. भिंती खराब होतील. त्या पुन्हा रंगविता येतात.

मरिया व योसेफ यांना मूल तांड्यात नाही असे कळले, तेव्हा त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. ते मागे फिरले आणि शोधू लागले. आपणही बरीच वाट पुढे आलो आहोत आणि कित्येक मुले आपल्या तांड्यात नाहीत. या वर्षी शेतांत सीतादही होऊन वेचणी सुरू होण्यापूर्वी मी आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे सभागृहाच्या किल्लीचा विषय ठेवणार आहे. धुऱ्यावरच्या त्या मुलीला उशिरा का होईना, पण उत्तर द्यावयाचे आहे.